तिरका नऊ

"भाभी, पांढराच ठेवा, पण जरा कमी पांढरा."

हा व्हॉइस मेसेज मी अजून पुसलेला नाही. कमी पांढरा म्हणजे काय, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. मोतिया म्हणायचंय का, तर नाही. सायीचा? तो पिवळट होतो. हस्तिदंती? तो म्हातारा वाटतो म्हणे. शेवटी मी त्यांना तोच पांढरा तीन वेळा वेगवेगळ्या नावांनी दाखवला आणि तिसऱ्या वेळी "हां, आत्ता बरोबर!" असं उत्तर आलं. हे उत्तर देणारा माणूस तेलाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिथे तो काय काय बरोबर म्हणतो, या विचाराने मला धडकी भरते.

मी आणि माझे मियाँ शौकत, आम्ही दोघं वीसेक वर्षं कुवेतमध्ये मिरकाबला खेळाडूंचे कपडे करतो. मूळचे आम्ही हर्णैकडचे. शौकत कापड कापतात, शिलाई बघतात. डिझाइन, छपाई आणि गिऱ्हाइकांची डोकेफोड माझ्याकडे. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "हमीदाताई, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा." गमती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलं की हसू येण्याआधी राग येतो, त्याला मी काय करू? म्हणून रागच लिहिते. हसायचं असेल तर तुम्ही हसा.

आधी धंदा समजून घ्या. खेळाची जर्सी रंगीत कापडाची शिवतात असं बऱ्याच लोकांना वाटतं. तसं नसतं. कापड पांढरंच असतं. चित्र आधी कागदावर उलटं छापायचं, तो कागद कापडावर ठेवायचा आणि गरम प्रेसखाली दाबायचा. रंग वाफ होऊन धाग्यात शिरतो आणि मग काही केल्या निघत नाही. धुवा, घासा, उन्हात टाका. म्हणजे एकदा दाबलं की खलास. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दाबण्याआधी सांगते आणि प्रत्येक गिऱ्हाईक दाबल्यानंतर विचारतं, "थोडं डार्क करता येईल का?"

रंगाच्या बाबतीत तर आपल्या लोकांचा हात कुणी धरू नये. पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे माजी विद्यार्थी इथे क्रिकेटची टीम काढतात. त्यांना हवा होता "आपल्या कॉलेजचा रंग". एक म्हणाला डाळिंबी, दुसरा म्हणाला वांगी, तिसरा म्हणाला दोन्हींच्या मधला. मी वैतागून सालमियाच्या घरून आमसुलं आणली आणि टेबलावर ठेवली. "हाच! हाच!" म्हणून तिघांनी टाळ्या पिटल्या. छापून दिल्यावर हा आमचा रंगच नाही म्हणून भांडण. शेवटी त्यांचे एक जुने सर सुट्टीत मुलाकडे आले होते, त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "कॉलेजला कुठला रंग? हे लोक कँटीनच्या भिंतीबद्दल बोलतायत." कँटीनच्या भिंतीसाठी माझा अख्खा आठवडा गेला होता. तो तेलकट हात पुसलेला रंग मी कुठून आणणार होते?

हे मी हसून सोडून दिलं. हेल्मेटचं मात्र मला सोडता येत नाही.

इथल्या एका खासगी विद्यापीठातली मुलं अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल खेळतात. चेंडू लांबुळका, हातात धरून पळायचं, समोरच्याने अंगावर येऊन पाडायचं, आणि नाव फुटबॉल. खांद्यावर चिलखत, डोक्यावर तोंडापुढे जाळी असलेलं हेल्मेट. टीममध्ये कुवेती आहेत, लेबनीज आहेत, आपली इथेच जन्मलेली मुलंही आहेत. त्यांचा प्रशिक्षक लेबनॉनचा. पहिल्या वर्षी तो हेल्मेटं घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मदाम, दुसरं काही नको. दोन्ही बाजूंना फक्त नंबर. पण अरबी आकडे, आणि हाताने काढलेले. संगणकातले नकोत."

हे डोकं असलेलं गिऱ्हाईक. हेल्मेट गोल आणि स्टिकर सपाट, त्यामुळे जितकं मोठं चित्र तितक्या सुरकुत्या. त्यात कानाचं भोक, जाळीचे स्क्रू. गरम हवेच्या बंदुकीने स्टिकर मऊ करायचा आणि अंगठ्याने ताणत बसवायचा. नुसता आकडा सुंदर बसतो. मी आनंदाने काढायला घेतले.

अरबी आकडे आपल्याला इथे राहून पाठ होतात, पण ते फसवे असतात. त्यांचा पाच म्हणजे आपलं शून्य. आणि आपला एक म्हणजे जवळजवळ त्यांचा नऊ. त्यांचा एक ही नुसती उभी रेघ. मी काढत होते तेव्हा गावाहून बहिणीचा फोन चालू होता, भाचीच्या लग्नाचं सगळं साग्रसंगीत. बोलता बोलता सगळे आकडे काढून झाले. स्टिकर कापले, लावले, हेल्मेटं गेली.

दोन दिवसांनी एक उंच, लाजरा मुलगा हेल्मेट काखेत घेऊन आला. अथर्व गायधनी. वडील नाशिकचे, पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर, घर एगैलाला. मुलाचा जन्म इथलाच. मराठी सगळं समजायचं, बोलायचा अर्धं, वाचता बिलकूल येत नव्हतं.

"आंटी, आय ॲम नंबर वन," तो म्हणाला. "पण हे नाइन आहे. सगळे मला तिसआ म्हणायला लागले." तिसआ म्हणजे अरबीत नऊ.

मी बघितलं आणि कपाळावर हात मारला. बाकी सगळे आकडे अरबी आणि नेमका या एकट्या एकावर आल्यावर हात सरळ हर्णैच्या शाळेत गेलेला. "अरे, हा नऊ नाही. एकच आहे. आपला एक."

"आपला म्हणजे?"

"मराठी. तुझे बाबा शाळेत हाच एक शिकले. थांब, आत्ता काढते."

त्याने हेल्मेट मागे ओढलं. बोट त्या आकड्यावरून फिरवलं, वरच्या गोलावरून खालच्या शेपटीपर्यंत. "सो, बाबा वाचतील तर वन. आणि माझे फ्रेंड्स वाचतील तर नाइन?"

"हो, पण चुकलंय ना ते."

"नो नो. डोन्ट टच इट, आंटी. प्लीज." मग म्हणाला, "आणि बाबांना सांगू नका. मला बघायचंय, ते कधी ओळखतात."

टीममध्ये नऊ नंबर कुणाचा नव्हता, म्हणून त्याने जर्सीवरचाही बदलून नऊ करून घेतला. घरी सांगितलं, नंबर बदलला. गायधनी साहेब म्हणाले, बरं.

पहिला मोसम गेला, दुसरा गेला. साहेब प्रत्येक सामन्याला हजर. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून, ओरडून घसा बसवणारा माणूस. मुलावर जीव होता त्यांचा, हे मी आधीच कबूल करते, कारण पुढे मी त्यांच्यावर बराच राग काढणार आहे. अथर्व कधीमधी दुकानात डोकावायचा. मी भुवया उडवून विचारायची, ओळखलं का? तो मान हलवायचा आणि हसायचा. तिसऱ्या मोसमापर्यंत ते हसू जरा कमी झालं होतं, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

तिसरा मोसम त्याचा शेवटचा. शिक्षण संपत होतं. इथे मुलं बापाच्या व्हिसावर राहतात आणि शिकणं संपलं की तो व्हिसाही संपतो. नोकरी मिळाली तर ठीक, नाही तर जा. कुठे जा? तर "आपल्या देशात", जिथे हा मुलगा आयुष्यात फक्त उन्हाळी सुट्टीला गेलेला. त्याला पुण्यात नोकरी मिळाली होती. मोसमाअखेरचा मोठा सामना झाला की तो जाणार होता. त्याच्या मनात एवढंच होतं, जायच्या आधी बाबांनी एकदा तो आकडा वाचावा.

आणि नेमकं त्याच मोसमात चाहत्यांना जाग आली.

टीमच्या चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, मलाही त्यात ओढलं. त्यात पालक, माजी विद्यार्थी, त्यांचे मित्र आणि ज्यांना कुणी घेतलं हे कुणालाच माहीत नाही असे लोक. ग्रुपचे पुढारी गायधनी साहेब. मुद्दा असा, की आपली हेल्मेटं "गरीब दिसतात". प्रतिस्पर्ध्यांकडे चकचकीत काळी हेल्मेटं आहेत, त्यावर विंचू आहे. आपल्याकडे नुसते आकडे. मग सुरू झालं. एकाला ससाणा हवा, दुसऱ्याला जहाज. एकाला चकाकी हवी, दुसऱ्याला अजिबात नको. एक माजी विद्यार्थी आता कॅनडात असतो. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ पडलेला, आणि हा मिरकाबच्या बाईला सांगतो की वाळवंटाचा रंग कुठला! एकाने एआयकडून ससाणा काढून पाठवला आणि खाली लिहिलं, "जस्ट प्रिंट धिस." मी मोठा करून बघितला, तर ससाण्याला तीन पाय. मी तसं कळवलं. यावर उत्तर काय यावं? "तिसरा पाय कानाच्या भोकात जाईल ना?"

तुम्ही म्हणाल, बाई, धंदा आहे तुझा, लोक वाद घालतात म्हणून तुझं पोट भरतं. खरं आहे. पण हा वाद चालू असताना ती सगळी हेल्मेटं माझ्या फळीवर पडून होती. नमुना मंजूर होत नव्हता म्हणून परत जात नव्हती. इकडे पोरं हेल्मेटाशिवाय सराव करत होती, म्हणजे नुसती पळत होती, कारण डोकं उघडं असताना एकमेकांना पाडणार कसं? प्रशिक्षक रोज फोन करून विचारायचा, "मदाम, आज?" मी म्हणायची, आज ते चोचीचा बाक ठरवतायत. आठवडेच्या आठवडे त्या ग्रुपवर हेल्मेटाबद्दल लिहिलं गेलं आणि हेल्मेटाच्या आत डोकं असतं याची एकाही माणसाला आठवण झाली नाही. शौकत म्हणायचे, "हमीदा, सोडून दे गो. तुझं बीपी वाढंल." मी कशी सोडू? फळीवरून ती जाळीवाली तोंडं दिवसभर माझ्याकडेच बघत होती.

एक दिवस गायधनी साहेबांनी ग्रुपवर फोटो टाकला. अथर्वचं हेल्मेट, आकड्याभोवती लाल गोल. खाली लिहिलेलं, "असला तिरका नऊ कुठे असतो का? नऊसुद्धा धड काढता येत नाही. अनप्रोफेशनल." त्याखाली अंगठ्यांची आणि हसऱ्या तोंडांची रांग लागली. एकाने त्याला "चक्कर आलेला नऊ" म्हटलं. माझा अपमान झाला याचं मला काही नाही, माझी कातडी आता जाड झाली आहे. पण अथर्व त्या ग्रुपमध्ये होता. त्याने ते वाचलं होतं. त्याच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसत होतं.

शेवटी ससाणा ठरला. दोन पायांचा, सोनेरी, चकाकी असलेला. आकडे मागच्या बाजूला, बारीक, इंग्रजी, संगणकातले. साहेब स्वतः नमुना बघायला दुकानात आले. अथर्व त्यांच्या मागोमाग, हेल्मेटं भरायला रिकामा खोका घेऊन. साहेबांनी फळीवरचं नेमकं तेच हेल्मेट उचललं.

"भाभी, सगळ्यात आधी हा तिरका नऊ काढा. डोळ्यांना त्रास होतो."

माझा आवाज वर गेला. "मी नाही काढणार. तुम्हीच काढा." आणि मी गरम हवेची बंदूक त्यांच्या पुढ्यात आपटली.

"अहो, चिडताय कशाला? डिझाइन आहे ते, त्यात काय एवढं?"

मी अथर्वकडे बघितलं. तोंडाशी आलेलं गिळलं, कारण मी शब्द दिला होता. तो अजून खोका धरून उभा होता. त्याने खोका खाली ठेवला.

"बाबा," तो म्हणाला, "वाच ना ते."

"काय वाचायचं त्यात? नऊ आहे."

"मराठीत वाच."

साहेबांनी हेल्मेट उजेडाकडे धरलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आधी नुसता वैताग होता. मग भुवया जवळ आल्या. मग त्यांनी अंगठा त्या आकड्यावर ठेवला आणि अगदी हळू, पहिलीतल्या पोरासारखं म्हणाले, "एक."

"थ्री इयर्स, बाबा," अथर्व म्हणाला. ओरडला नाही, चिडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "आय वॉज वेटिंग."

साहेब कापडाच्या गठ्ठ्यावरच बसले. म्हणाले, "अरे, मी इथे... इथे कोण मराठी लिहिणार, म्हणून मी..." हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिले. मला वाईट वाटलं, पण राग त्याहून जास्त आला. रोज सकाळी घरात विठ्ठलाचे अभंग लावणारा माणूस, महाराष्ट्र मंडळात अस्खलित भाषणं ठोकणारा, पोरांना मराठी यायला हवं म्हणून सगळ्यांचे कान पिळणारा. पोराने मराठी डोक्यावर घेतलं होतं, अक्षरशः, आणि याला त्यात शेपूट वाकडं दिसत होतं.

तिथेच बसून साहेबांनी ग्रुपवर लिहिलं, की नऊ नंबरचा जुना आकडा राहू द्यावा, कारण कौटुंबिक आहे. तर ग्रुप त्यांच्यावरच उलटला. मत देऊन ठरलंय, आता बदल नाही. तुमच्या मुलाला वेगळा नियम का? साहेब, तुम्हीच तर म्हणाला होतात अनप्रोफेशनल. कॅनडावाला बर्फातून म्हणाला, "युनिफॉर्म मीन्स युनिफॉर्म." साहेब लिहीत राहिले, उत्तरं येत राहिली. माणसांना हाताशी धरून वाद पेटवता येतो. विझवायला गेलं तर तीच माणसं तुम्हाला ओळखत नाहीत.

अथर्वने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "इट्स ओके, बाबा. टीम इज टीम." मग मला म्हणाला, "आंटी, तुम्ही काढा. दुसऱ्या कोणी नको."

मी दोन्ही बाजूंचा काढला. जुना स्टिकर उष्णतेने ताणला जातो आणि गोळा होतो, तो पुन्हा कशालाही चिकटत नाही. एकाचा वरचा गोल शेपटीपासून तुटला. त्या जागी मी ससाणा बसवला. सुरकुती एकही पडू दिली नाही, कारण रागातही माझा हात खराब काम करत नाही.

सामना आमची टीम हरली. पोरांचा सरावच झाला नव्हता, तर काय होणार? ग्रुपवर रात्रभर कारणमीमांसा झाली आणि निष्कर्ष असा निघाला, की सोनेरी चकाकी दिव्यांच्या उजेडात डोळ्यांवर येत होती, तेव्हा पुढच्या वर्षी चकाकी नको. गायधनी साहेबांनी ग्रुप सोडला. ग्रुप चालू आहे. सध्या मोज्यांवर चर्चा आहे.

पुण्याला जायच्या आधी अथर्व निरोप घ्यायला आला. मी त्याच जुन्या कागदावरून नवा एक कापून ठेवला होता, पाकिटात घालून दिला. कुठे लावशील, असं विचारलं नाही. साहेब खाली गाडीत थांबले होते, वर आले नाहीत. मीही खाली गेले नाही. त्याचं मला आता जरा वाईट वाटतं.

मागच्या महिन्यात त्याचा फोटो आला. स्कूटरच्या आरशाला अडकवलेलं काळं हेल्मेट आणि त्यावर माझा आकडा. म्हणजे पुण्यात राहून हेल्मेट घालणारा तो एक, हे पाहून मला हसू आलं. खाली मेसेज होता. आता मराठी लिहायला शिकतोय, काना-मात्रा चुकतात, पण वाचता येतं.

"आंटी, इथे सगळे याला एक वाचतात. विचारतात, एक नंबर का लावला? इथे तिसआ कोणीच म्हणत नाही. नऊ फक्त मलाच दिसतो."

मी फोटो मोठा करून पुन्हा बघितला. स्वतःच्या हाताने काढलेला, हर्णैच्या शाळेतला आकडा.

मलाही आधी नऊच दिसला.